आरसा नसलेला कॅमेरा: निवड, जुळणी आणि वापर

डीएसएलआर कॅमेऱ्यात लेन्समधून आलेला प्रकाश आरशावर आपटून वर वळतो आणि प्रिझममधून डोळ्यापर्यंत पोहोचतो. बटण दाबले की आरसा उचलला जातो आणि तेवढ्या क्षणापुरता प्रकाश सेन्सरवर, म्हणजे चित्र टिपणाऱ्या चिपवर, पडतो. मिररलेस कॅमेऱ्यातून हा आरसाच काढून टाकलेला असल्यामुळे कॅमेरा चालू असेपर्यंत सेन्सर सतत जागा राहतो आणि व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावायच्या खिडकीत) आपण पाहतो ते सेन्सरने वाचलेले चित्र असते. या कॅमेऱ्यांचे बहुतेक गुणदोष या एकाच गोष्टीतून निघतात. छायाचित्र उजळ येईल की काळवंडेल हे आधीच दिसते आणि फोकस थेट सेन्सरवरच ठरतो. पण त्याच कारणाने बॅटरी लवकर उतरते, धूळ सेन्सरवर सहज बसते आणि काही दिव्यांखाली चित्रावर पट्टे उमटतात. खरेदी करताना आणि मेनू लावताना हा जागता सेन्सर ध्यानात ठेवला, तर पुढचे निर्णय बरेच सोपे होतात.

माउंट आधी, बॉडी नंतर

नव्याने घेणारा बहुधा बॉडीपासून, म्हणजे लेन्सविना कॅमेऱ्यापासून, सुरुवात करतो: मेगापिक्सेल किती, सेकंदाला फ्रेम किती, व्हिडिओ कोणता. मी उलट्या क्रमाने जायला सांगेन. बॉडी काही वर्षांत बदलली जाते, चांगली लेन्स मात्र दशकभर सोबत राहते, आणि कोणती लेन्स बसणार हे माउंट, म्हणजे बॉडीला लेन्स जोडणारी कडी, ठरवतो. पॅनासॉनिक आणि ऑलिंपस यांनी २००८ साली मायक्रो फोर थर्ड्स हा माउंट आणला, सोनीचे फुल-फ्रेम मिररलेस २०१३ साली आले, आणि निकॉनचा झेड व कॅननचा आरएफ हे माउंट २०१८ साली सुरू झाले. लायका, पॅनासॉनिक आणि सिग्मा यांची एल-माउंटची युतीही त्याच वर्षीची. माउंट जितका जुना, तितक्या त्याच्या वापरलेल्या लेन्स बाजारात अधिक आणि इतर कंपन्यांच्या स्वस्त लेन्सचे पर्यायही अधिक, असा साधारण अनुभव आहे. म्हणून कॅमेरा ठरवण्यापूर्वी पुढच्या तीन वर्षांत आपल्याला लागतील अशा तीन लेन्सची नावे कागदावर लिहावीत आणि त्या माउंटवर त्या खरोखर मिळतात का, त्यांचे वजन किती, आणि तिन्ही मिळून खर्च झेपणार आहे का, हे तपासावे. तीनपैकी दोन जरी आवाक्याबाहेर असल्या, तरी बॉडी कितीही आकर्षक वाटली तरी तो माउंट सोडून द्यावा.

ज्यांच्याकडे जुन्या लेन्स आहेत त्यांच्यासाठी आरसा जाण्याचा मोठाच फायदा झाला आहे. आरशाला जागा लागत असल्यामुळे कॅननच्या ईएफ माउंटमध्ये सेन्सर आणि माउंटची कडा यांत ४४ मिमी अंतर होते. आरएफमध्ये ते २० मिमी आहे. उरलेले २४ मिमी भरून काढणारी नळी म्हणजे अॅडॉप्टर. तिच्यात काच नसल्यामुळे चित्राची प्रत बिघडत नाही. निकॉनच्या एफ माउंटचे अंतर ४६.५ मिमी आणि झेडचे १६ मिमी असल्याने तिथेही हाच हिशेब लागू पडतो. मात्र ज्या जुन्या लेन्समध्ये स्वतःची फोकस मोटर नसते आणि ती बॉडीतल्या मोटरवर फिरते, ती बहुतेक अॅडॉप्टरवर हातानेच फोकस करावी लागते. पूर्णपणे यांत्रिक लेन्स लावल्यास बॉडीला लेन्स बसवल्याचा पत्ताच लागत नाही आणि बटण दाबूनही काही घडत नाही. अशा वेळी मेनूमध्ये लेन्सशिवाय शटर चालू देण्याचा पर्याय शोधून सुरू करावा लागतो. या एका पर्यायापायी कॅमेरा बिघडला असे समजून दुरुस्तीला नेणारे लोक मी पाहिले आहेत.

सेन्सरचा आकार आणि त्याचा खरा अर्थ

फुल-फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिमी, एपीएस-सी साधारण २३.५ × १५.६ मिमी (कॅननचा थोडा लहान) आणि मायक्रो फोर थर्ड्स १७.३ × १३ मिमी असतो. यावरून क्रॉप फॅक्टर (फुल-फ्रेमच्या तुलनेत दृश्य किती पट आवळते तो आकडा) अनुक्रमे १, सुमारे १.५ आणि २ येतो. मायक्रो फोर थर्ड्सवरची २५ मिमी लेन्स फुल-फ्रेमवरच्या ५० मिमीइतके दृश्य दाखवते, हे बहुतेकांना ठाऊक असते. अॅपर्चरच्या, म्हणजे लेन्समधल्या प्रकाशाच्या छिद्राच्या, बाबतीत मात्र गल्लत होते. एफ/१.७ लेन्स कोणत्याही सेन्सरवर उजेड मोजताना एफ/१.७च धरायची, म्हणजे शटरचा वेग आणि आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) तेच राहतात. परंतु पार्श्वभूमी किती धूसर होईल हे पाहताना त्या २५ मिमी लेन्सचा परिणाम फुल-फ्रेमवरच्या एफ/३.४ इतकाच मिळतो. व्यक्तिचित्रणात मागचे सगळे विरघळून जायला हवे असेल, किंवा अगदी कमी उजेडात नेहमी काम असेल, तर मोठा सेन्सर उपयोगी पडतो. पक्षी, प्रवास आणि दिवसभराची पायपीट यांसाठी लहान सेन्सरची हलकी लेन्स अधिक वेळा बॅगेतून बाहेर निघते, आणि घरी कपाटात राहिलेल्या जड लेन्सपेक्षा ती केव्हाही बरी.

लहान सेन्सरवर अॅपर्चर फार बारीक करू नये, कारण डिफ्रॅक्शनमुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) बारकावे मऊ पडू लागतात. मायक्रो फोर थर्ड्सवर एफ/८, एपीएस-सीवर एफ/११ आणि फुल-फ्रेमवर एफ/१६ ही व्यवहारात पाळण्याजोगी मर्यादा समजावी.

पहिली लेन्स कोणती, या प्रश्नावर माझे उत्तर कंटाळवाणे आहे: बॉडीबरोबर मिळणारी किट झूम घ्यावी आणि तीन महिने तीच वापरावी. त्यानंतर आवडलेली शंभर छायाचित्रे वेगळी काढून प्रत्येकाची फोकल लेंथ (लेन्सचा मिमीमधला आकडा) पाहावी. संगणकावरचे कोणतेही फोटो सॉफ्टवेअर ती दाखवते. बहुतेक छायाचित्रे झूमच्या एका टोकाला साचलेली आढळतात. रुंद टोकाला गर्दी असेल तर पुढची लेन्स वाइड घ्यावी, लांब टोकाला असेल तर टेली, आणि मधल्या भागात असेल तर एफ/१.८ ची एक साधी प्राइम (झूम न होणारी) लेन्स घ्यावी, जी जवळपास प्रत्येक माउंटवर तुलनेने स्वस्त आणि हलकी मिळते.

वापरलेला कॅमेरा घेत असाल तर व्यवहारापूर्वी चार गोष्टी स्वतः कराव्यात. एफ/१६ वर पांढऱ्या भिंतीचे छायाचित्र काढून सेन्सरवर डाग किंवा ओरखडे आहेत का ते पाहावे. लेन्सच्या मागून टॉर्चचा उजेड पाडून आत बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात का ते तपासावे. लेन्स बसवल्यावर माउंटमध्ये ती खुळखुळत नाही ना हे हाताने अजमावावे. आणि व्ह्यूफाइंडर व मागचा स्क्रीन यांमध्ये डोळा आणताच अदलाबदल होते का ते बघावे. शटर किती वेळा उघडले हा आकडा विचारावा. पण नेहमी इलेक्ट्रॉनिक शटर वापरणाऱ्याच्या कॅमेऱ्यात तो फसवा असू शकतो.

पहिल्या संध्याकाळी करायची जुळणी

नवा कॅमेरा हाती आल्यावर सर्वप्रथम व्ह्यूफाइंडरशेजारचे डायॉप्टरचे चाक फिरवावे. चित्राकडे न पाहता कडेला दिसणारी अक्षरे आणि आकडे धारदार होईपर्यंत ते फिरवायचे असते. चष्मा लावणाऱ्यांनी छायाचित्रण चष्म्यासह करणार की त्याविना, हे आधी ठरवावे.

त्यानंतर फाइल रॉ (सेन्सरची कच्ची नोंद) किंवा रॉ व जेपेग अशी लावावी. एक्स्पोजर प्रिव्ह्यू चालू ठेवावा, कारण मिररलेस घेण्याचे निम्मे कारण तेच आहे: एक्स्पोजर भरपाईचे चाक (चित्र उजळ वा गडद करणारे) फिरवताच आकाश फिके पडताना किंवा परत निळे होताना समोर दिसते. मात्र केवळ डोळ्यांवर विसंबू नये. भर उन्हात काही कॅमेरे व्ह्यूफाइंडरची प्रखरता आपोआप वाढवतात आणि छायाचित्र आहे त्याहून उजळ भासते. म्हणून हिस्टोग्राम (उजळ-गडद भागांचा आलेख) किंवा झेब्रा पट्ट्यांची (अतिउजळ भागांवर उमटणाऱ्या तिरक्या रेघांची) मदत घ्यावी. हे दोन्ही बहुधा जेपेगच्या हिशेबाने चालतात, त्यामुळे झेब्रा नुकती उमटू लागली तरी रॉ फाइलमध्ये थोडी जागा शिल्लक असते. ती नेमकी किती, हे आपल्या कॅमेऱ्यावर एकाच दृश्याची एक-तृतीयांश स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) पायरीने पाच-सहा छायाचित्रे काढून एकदाच पाहून ठेवावे.

एक्स्पोजर प्रिव्ह्यू बंद करायची एक वेळ येते. घरात किंवा स्टुडिओत फ्लॅश लावून १/१६०, एफ/८, आयएसओ १०० असे ठेवले, की व्ह्यूफाइंडर पार काळाठिक्कर होतो, कारण फ्लॅश अजून उडालेला नाही आणि खोलीतला उजेड त्या सेटिंगला अपुरा आहे. प्रिव्ह्यू बंद करताच चित्र नेहमीसारखे उजळ दिसू लागते. ही अदलाबदल एखाद्या मोकळ्या बटणावर नेमून ठेवावी.

ऑटो आयएसओकडे जुनी मंडळी संशयाने पाहतात. मी ते रोज वापरतो, पण लगाम लावून. किमान शटरचा वेग आणि कमाल आयएसओ या दोन मर्यादा मेनूत ठरवाव्यात. उभ्या असलेल्या माणसांसाठी किमान १/१२५, धावत्या मुलांसाठी १/५००, उडत्या पक्ष्यांसाठी १/२००० हे आकडे सुरुवातीला पुरतात. कमाल आयएसओ ठरवण्यासाठी घरातल्या मंद दिव्याखाली ८०० पासून दुप्पट करत छायाचित्रे काढावीत आणि आपण ज्या आकारात ती पाहतो वा छापतो त्याच आकारात तपासावीत. पडद्यावर शंभर टक्के मोठी करून दाणे मोजत बसणाऱ्याला कोणताच कॅमेरा समाधान देत नाही.

फोकस

सेन्सरवरच फोकसचे बिंदू असल्यामुळे ते चौकटीच्या जवळजवळ कडेपर्यंत पसरलेले असतात, आणि डोळे ओळखण्याची सोय आल्यापासून व्यक्तिचित्रणातले मोठे काम कॅमेऱ्यानेच उचलले आहे. स्थिर विषयासाठी सिंगल (एकदा फोकस करून थांबणारा) आणि हलत्या विषयासाठी कंटिन्युअस (सतत फोकस बदलत राहणारा) ही विभागणी अजूनही शिकवली जाते. डोळा ओळखणाऱ्या कॅमेऱ्यांवर मी बहुतेक वेळ कंटिन्युअसच ठेवतो, कारण समोरचा माणूस स्थिर उभा असला तरी किंचित पुढेमागे डोलत असतो आणि एफ/१.८ वर तेवढे डोलणेही फोकस डोळ्यावरून कानावर न्यायला पुरेसे असते. फोकस शटरच्या बटणावरून काढून मागच्या बटणावर देण्याची पद्धत पक्षी आणि खेळ टिपणाऱ्यांना हमखास आवडते. तिची सवय व्हायला काही आठवडे जातात, आणि कॅमेरा दुसऱ्याच्या हाती दिला की सगळी छायाचित्रे धूसर येतात, एवढाच तिचा त्रास.

मॅन्युअल लेन्स वापरताना फोकस पीकिंगचे रंगीत काठ दिशा दाखवतात, नेमकी जागा दाखवत नाहीत; मोठ्या अॅपर्चरवर चित्र मोठे करून पाहूनच फोकस पक्का करावा.

तीन प्रकारची शटर

या कॅमेऱ्यांत सर्वाधिक घोळ शटरच्या मेनूत होतो, म्हणून येथे थोडे थांबायला हवे. यांत्रिक शटरमध्ये दोन पडदे सेन्सरवरून धावतात. इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टनमध्ये पहिला पडदा काल्पनिक असतो आणि दुसरा खरा. त्यामुळे धक्का कमी बसतो, पण एफ/१.४ सारख्या अॅपर्चरला १/२००० च्या पुढे गेल्यास पार्श्वभूमीतले प्रकाशाचे गोळे एका बाजूने कापल्यासारखे दिसतात. पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये काहीच हलत नाही, आवाज शून्य असतो, आणि सेन्सर ओळीमागून ओळ वाचला जातो. ग्यानबाची मेख या वाचनात आहे. वेग १/४००० ठेवला तरी तो प्रत्येक ओळीपुरता असतो. साध्या सेन्सरला वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत जायला सेकंदाचा विसावा ते साठावा भाग लागू शकतो. तेवढ्यात बॅट पुढे सरकते आणि छायाचित्रात ती वाकलेली दिसते.

एका नृत्याच्या कार्यक्रमात मी शांततेसाठी इलेक्ट्रॉनिक शटर लावून बसलो होतो. मागच्या लहान स्क्रीनवर सगळे ठीक दिसत होते. घरी संगणकावर उघडले तेव्हा नर्तकीच्या कपाळापासून कमरेपर्यंत आडवे, फिकट-गडद पट्टे होते, आणि ते जवळपास दोनशे छायाचित्रांत होते. रंगमंचावरचे एलईडी दिवे डोळ्यांना अखंड दिसतात, प्रत्यक्षात मात्र ते अतिवेगाने उघडझाप करत असतात. सेन्सरच्या काही ओळी उजेडात वाचल्या गेल्या, काही अंधारात. असे पट्टे नंतर सॉफ्टवेअरमध्ये पूर्णपणे काढता येत नाहीत.

घरातल्या किंवा कार्यालयातल्या साध्या दिव्यांसाठी उपाय सोपा आहे. वीज ५० हर्ट्झची असेल तर दिवा सेकंदाला १०० वेळा मंद होतो, म्हणून १/१०० किंवा १/५० वेग ठेवावा; ६० हर्ट्झ असेल तर १/१२० किंवा १/६०. रंगमंचाच्या दिव्यांची उघडझाप याहून कितीतरी जलद असल्याने हा हिशेब तिथे अपुरा पडतो. तिथे यांत्रिक शटर वापरावे, वेग शक्य तितका कमी ठेवावा, पहिली दहा छायाचित्रे मोठी करून तपासावीत, आणि कॅमेऱ्यात उच्च वारंवारतेच्या फ्लिकरसाठी शटरचा वेग सूक्ष्म टप्प्यांनी बदलण्याची सोय असेल तर पट्टे नाहीसे होईपर्यंत तो आकडा सरकवावा.

स्टॅक्ड (थरांनी रचलेल्या) सेन्सरमुळे वाचनाचा वेळ बराच घटला आणि निकॉनच्या २०२१ च्या झेड ९ मध्ये यांत्रिक शटरच ठेवलेले नाही. सोनीच्या २०२३ च्या ए९ थ्री मध्ये तर ग्लोबल शटर आहे, म्हणजे सर्व ओळी एकाच क्षणी टिपल्या जातात. या महागड्या अपवादांखेरीज नियम साधा आहे: एरवी यांत्रिक किंवा फर्स्ट कर्टन, आणि शांतता अत्यावश्यक असून विषय संथ असेल तेव्हाच इलेक्ट्रॉनिक.

हात, बॅटरी आणि कार्ड

बॉडीतले स्टॅबिलायझेशन हाताची थरथर झेलते, समोरच्याची हालचाल झेलत नाही. १/१० वर भिंतीवरचे चित्र सुस्पष्ट येईल, पण तेथून चालत जाणारा माणूस पुसटच येईल. ट्रायपॉडवर दीर्घ एक्स्पोजर करताना आपल्या बॉडीला ट्रायपॉड ओळखता येतो का हे माहितीपत्रकात पाहावे. खात्री नसेल तर स्टॅबिलायझेशन बंद करावे.

बॅटरीचे आकडे मागचा स्क्रीन आणि व्ह्यूफाइंडर यांसाठी वेगवेगळे दिलेले असतात आणि व्ह्यूफाइंडरचा आकडा बहुधा कमी असतो. एक मिनिटाने झोपण्याचे सेटिंग, गरज नसताना वायफाय-ब्लूटूथ बंद, आणि जवळ एक जास्तीची मूळ कंपनीची बॅटरी एवढे दिवसभराला पुरते. थंडीत ती बॅटरी अंगालगतच्या खिशात ठेवावी. विमान प्रवासात सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात न टाकता केबिनमध्ये, टोके झाकून न्याव्या लागतात; ७.२ व्होल्ट आणि २,२८० एमएएचची बॅटरी सुमारे १६.४ वॅट-अवर भरते, म्हणजे १०० वॅट-अवरच्या सर्वसाधारण मर्यादेच्या पुष्कळ आत.

कार्डावरचा मोठा आकडा वाचनाचा असतो. आपल्याला लागतो तो लिहिण्याचा किमान वेग, आणि तो व्ही३०, व्ही६०, व्ही९० या खुणा सांगतात: सेकंदाला अनुक्रमे ३०, ६० आणि ९० एमबी. व्हिडिओचा दर मेगाबिटमध्ये असतो, त्याला आठने भागावे. ४०० मेगाबिटला ५० एमबी लागतात, म्हणून व्ही६०. सेकंदाला २० फ्रेमने ३० एमबीच्या रॉ फाइल टिपल्यास ६०० एमबी तयार होतात. यूएचएस-टू या वेगवान एसडी कार्डांची कमाल मर्यादाच सेकंदाला ३१२ एमबी असल्याने बफर (कॅमेऱ्यातली तात्पुरती साठवण) भरणार आणि कॅमेरा अडखळणार. असे काम नित्याचे असेल तर सीएफएक्स्प्रेस (याहून वेगवान कार्ड) घेणारी बॉडी पाहावी, नसेल तर त्यावर पैसे घालवू नयेत. कार्ड संगणकावर न पुसता कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावे, आणि तेही छायाचित्रांच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी उतरल्यावर.

फिल्टरपैकी पोलरायझर (चकाकी कमी करणारा) आणि एक एनडी (उजेड कमी करणारा) पुरेत. ते सर्वांत मोठ्या व्यासाच्या लेन्सच्या मापाचे घेऊन लहान लेन्ससाठी स्टेप-अप रिंग (मोठा फिल्टर लहान लेन्सवर बसवणारे कडे) वापरावी.

धूळ

डीएसएलआरमध्ये लेन्स काढली तरी समोर आरसा आणि बंद शटर असते. मिररलेसमध्ये लेन्स काढताच बहुतेक बॉडींमध्ये चमकता सेन्सर उघडा दिसतो. कॅमेरा बंद करताना शटर मिटण्याची सोय असेल तर ती सुरू करावी, मात्र मिटलेल्या पडद्याला बोटही लावू नये, कारण त्याची पाती अतिशय नाजूक असतात.

लेन्स बदलण्याची रीत अंगवळणी पाडावी. कॅमेरा बंद करावा आणि वाऱ्याकडे पाठ करावी. नवी लेन्स बॅगेत उभी ठेवून तिचे मागचे झाकण आधीच सैल करावे. बॉडीचे तोंड जमिनीकडे ठेवून जुनी लेन्स काढावी, लगेच नवी बसवावी, आणि टक् असा आवाज आल्यावरच हात सोडावा. झाकणे आतून झटकायला विसरू नये. सेन्सरवर पडणारी कितीतरी धूळ या झाकणांतूनच आलेली असते.

डाग आहे का हे पाहण्यासाठी एफ/१६ वर, फोकस मुद्दाम चुकवून, स्वच्छ भिंतीचे छायाचित्र काढावे. करडे ठिपके दिसले तर प्रथम मेनूतली सेन्सर साफ करण्याची कंपने दोन-तीनदा चालवावीत. तरीही ठिपका राहिला तर बॉडी खाली तोंड करून धरावी आणि रबरी ब्लोअरने, टोक माउंटच्या आत न घालता, हवा मारावी. तोंडाने फुंकर मारल्यास थुंकीचे कण बसतात आणि दाबाखालच्या हवेच्या डब्यातून द्रव उडतो, म्हणून दोन्ही टाळावे. पुन्हा भिंत टिपावी. ठिपका तिथेच असेल तर तो चिकटलेला आहे. त्यासाठी आपल्या सेन्सरच्या रुंदीचा स्वॅब आणि त्यासाठीचे द्रव घेऊन, पूर्ण चार्ज बॅटरीवर, एका दिशेने एकदा आणि उलटून परत एकदा असा हलका हात फिरवावा आणि तो स्वॅब पुन्हा वापरू नये. हात थरथरत असेल तर हे काम सेवा केंद्रावर सोपवावे.